राख, कोळसा आणि जमिनीचा कस
(इयत्ता ५ वी ते ७ वी – परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांसाठी शिक्षकोपयोगी पाठ)

प्रास्ताविक

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि उन्हाळ्यात शेताशेतांतून धूर निघू लागतो. तुराट्या, उसाचे पाचट, धसकटे यांचीही पुष्कळदा हीच गत होते. पाऊस तोंडावर आलेला असतो, रान मोकळे करावयाचे असते, मजूर वेळेवर मिळत नाहीत. म्हणून शेतकरी काडी लावतो. यात त्याचा आळस नसून अडचण असते, ही गोष्ट शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावी. वर्गात बसलेली मुले याच शेतकऱ्यांची आहेत. पाठ शिकविताना त्यांच्या वडिलांस दोष दिल्यासारखे होऊ नये.

याच काडीकचऱ्याची पुरती राख होऊ न देता त्याचा कोळसा केला व तो जमिनीत मिसळला, तर काही जमिनींचा कस सुधारतो आणि हवेत परत जाणारा कर्बही काही अंशी अडविला जातो, असे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनावरून दिसून आले आहे. अशा कोळशास ‘बायोचार’ हे नाव पडले आहे. आपण त्यास जैवकोळसा म्हणू. त्याचे नाव आता खेड्यापर्यंत पोचू लागले आहे, आणि नावाबरोबर त्याची अवाजवी स्तुतीही पोचत आहे. मुलाने शाळेत ऐकलेले घरी सांगावे, वडिलांनी ते करून पाहावे आणि पीक हातचे जावे, असे एकदा जरी घडले तरी गावात शाळेच्या शब्दाची पत उरत नाही. यास्तव या विषयात खरे किती व कोठवर, हे शिक्षकास स्पष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

१. राख आणि कोळसा यांतील भेद

वाळलेल्या वनस्पतीच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग कर्बाचा, म्हणजे कार्बनचा असतो. हा कर्ब झाडाने मातीतून घेतलेला नसतो. पानांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो आपल्या अंगी साठविलेला असतो. पुढे या कर्बाच्या तीन गती संभवतात.

पहिली गती म्हणजे उघड्यावर जळणे. यात जवळजवळ सर्व कर्ब हवेत निघून जातो. उरते ती राख. राखेत पालाश, चुना इत्यादी क्षार असतात, परंतु कर्ब नाममात्रच राहतो. आणि हे क्षारही पहिल्या मोठ्या पावसात बरेचसे धुपून जातात. दुसरी गती म्हणजे कुजणे. जिवाणू व बुरशी काडीकचरा खातात, त्यापासून जमिनीस उपयुक्त असा ह्यूमस तयार होतो. परंतु काही वर्षांच्या अवधीत बहुतेक कर्ब पुनः वायुरूपाने हवेत जातो.

तिसरी गती म्हणजे हवा कोंडून तापविणे. सामान्यतः ३५० ते ७०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली, पण प्राणवायू पुरेसा मिळाला नाही, तर काडीतील ज्वलनशील वायू बाहेर पडून जातात आणि मागे कोळसा राहतो. या कोळशातील कर्बाचे अणू कड्याकड्यांच्या जाळीत परस्परांशी घट्ट गुंफलेले असतात. ही जाळी जिवाणूंना सहजासहजी तोडता येत नाही. म्हणूनच चुलीतील लाकडाची ढलपी उकिरड्यावर दोन-चार वर्षांत कुजते, पण कोळशाचा तुकडा मात्र तसाच सापडतो. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जैवकोळशातील सुमारे ३ टक्के कर्ब काही महिन्यांतच निघून जातो, उरलेला मात्र जमिनीत शेकडो वर्षे टिकू शकतो.

हा हिशेब वरच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. १०० किलो वाळलेल्या पऱ्हाट्यांत सुमारे ४५ किलो कर्ब असतो. चांगल्या रीतीने केल्यास त्यांपासून सुमारे २५ किलो कोळसा मिळतो आणि त्यात अदमासे १८ किलो कर्ब असतो. १२ किलो कर्बापासून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून १८ किलो कर्ब अडविणे म्हणजे ६६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देणे होय. उरलेला २७ किलो कर्ब मात्र कोळसा करतानाच निघून जातो, हेही मुलांच्या नजरेस आणावे. कोळसा करणे म्हणजे सर्व कर्ब वाचविणे नव्हे; निम्म्याहून कमी, परंतु दीर्घकाळ टिकणारा असा वाटा वाचविणे होय.

२. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील काळी माती

कोळसा जमिनीत किती काळ टिकतो याचा मोठा पुरावा दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथील पूरपातळीच्या वरची जमीन सामान्यतः पिवळट-तांबडी, आम्लधर्मी व निकस असते. अतिवृष्टीमुळे तिच्यातील पोषणद्रव्ये धुपून जातात. परंतु तिच्या मध्येच ठिकठिकाणी गडद काळ्या, सुपीक मातीचे पट्टे आढळतात. पोर्तुगीज भाषेत या मातीला ‘टेरा प्रेटा’ म्हणतात. त्याचा अर्थच ‘काळी माती’ असा आहे. विम सोम्ब्रुक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ॲमेझॉनच्या मातीविषयीच्या ग्रंथात या पट्ट्यांकडे लक्ष वेधले.

या मातीत खापरांचे तुकडे, माशांची व प्राण्यांची हाडे आणि पुष्कळ कोळसा सापडतो. म्हणजे ही माती निसर्गाने आपोआप केलेली नसून, युरोपीय लोक तेथे येण्यापूर्वी शेकडो वर्षे वस्ती करून राहिलेल्या मूळ रहिवाशांच्या हातून ती घडली. चुलीतील कोळसा, स्वयंपाकाचा उष्टा-खरकटा, हाडे, मलमूत्र असे सर्व काही एकत्र पडून ती समृद्ध झाली.

यातून दोन धडे मिळतात. कोळसा शतकानुशतके टिकतो, हा पहिला. दुसरा त्याहून महत्त्वाचा आहे : ती माती निव्वळ कोळशाने सुपीक झालेली नाही. पोषण हाडांनी व खताने दिले. कोळशाने ते धरून ठेवण्यास साहाय्य केले. कोळसा हे अन्न नव्हे, अन्न साठविण्याची कणगी होय. ही उपमा मुलांस चटकन उमगते. रिकामी कणगी घरात आणून ठेवल्याने कोणाचे पोट भरत नाही.

३. जमिनीतून निघणारे वायू

जमीन ही निर्जीव वस्तू नव्हे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या श्वसनामुळे व इतर क्रियांमुळे जमिनीतून सतत वायू निघत असतात. पृथ्वीभोवतीची उष्णता धरून ठेवणारे तीन वायू येथे ध्यानात घ्यावयाचे आहेत. कार्बन डायऑक्साइड हा पहिला. मिथेन हा दुसरा. वजनास वजन घेतले असता, शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. नायट्रस ऑक्साइड हा तिसरा. त्याची शक्ती सुमारे २७३ पट आहे.

नायट्रस ऑक्साइड हा मुख्यतः नत्रापासून उत्पन्न होतो. युरियासारखे खत घातल्यावर जमीन चिंब भिजली आणि तिच्यातील हवा कमी झाली, म्हणजे काही जिवाणू नत्राचे रूपांतर या वायूत करतात. यात शेतकऱ्याचे पैशाचे खतही हवेत जाते. जैवकोळसा मिसळल्याने माती मोकळी राहते, आम्लता कमी होते आणि जिवाणूंची ही क्रिया पुढच्या पायरीपर्यंत जाऊन निरुपद्रवी नायट्रोजन वायू तयार होण्यास साहाय्य होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण सरासरी ३८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, सुमारे एका वर्षानंतर हा परिणाम फारसा उरत नाही. प्रयोगशाळेतील कुंडीत मिळणारे यश उघड्या शेतात तितकेच मिळते, असेही नाही.

मिथेन हा भातखाचरासारख्या पाणी तुंबलेल्या जमिनीत तयार होतो. अशा जमिनींत, विशेषतः त्या आम्लधर्मी असतील तर, जैवकोळशाने मिथेन घटल्याचे पुष्कळ प्रयोगांत दिसले. काही प्रयोगांत मात्र तो वाढला. उलटपक्षी कोरडवाहू जमिनीतील जिवाणू हवेतील मिथेन शोषून घेतात. तेथे कोळशाने हे शोषण मंदावू शकते.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत, ताजा कोळसा घातल्यावर आरंभी काही दिवस थोडा वायू अधिक निघतो. नंतर ती वाढ ओसरते. खरा लाभ टिकाऊ कर्ब जमिनीत राहिला यातच आहे. परंतु हा लाभ कोळसा करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. दाट धूर सोडणाऱ्या भट्टीतून मिथेन व इतर अपायकारक वायू निघतात. म्हणून ‘धूर तितका तोटा’ एवढे सूत्र मुलांस सांगितले तरी पुरे.

४. जमिनीच्या आरोग्यावर होणारा परिणाम

भिंगातून कोळसा पाहिला तर त्यात असंख्य सूक्ष्म नळ्या दिसतात. जिवंत झाडात ज्या नळ्यांतून रस वाहत होता, त्याच या. या पोकळ्यांमुळे हलक्या, रेताड जमिनीची पाणी धरण्याची शक्ती वाढते. भारी काळी जमीन मुळातच पाणी पुष्कळ धरते. तेथे हा लाभ अल्प होतो. कोळसा हलका असल्याने घट्ट माती काहीशी भुसभुशीत होते व मुळांना वाट मिळते. पोकळ्यांतून जिवाणूंना आसरा मिळतो. कोळसा जुना होत जातो तसतशी त्याच्या पृष्ठभागाची पालाश, चुना, अमोनिया यांसारखी पोषणद्रव्ये धरून ठेवण्याची शक्तीही वाढते.

परंतु याच गुणातून एक दोष उद्भवतो. ताजा, कोरडा कोळसा तसाच शेतात घातला तर तो प्रथम जमिनीतीलच नत्र आपल्याकडे ओढून घेऊ शकतो. मग पहिल्या हंगामात पीक पिवळे पडते आणि शेतकरी कोळशाचे नाव टाकतो. म्हणून कोळसा आधी शेणकाल्यात भिजवून ठेवावा, किंवा शेणखताच्या वा कंपोस्टच्या खड्ड्यात थराथराने घालून काही आठवडे मुरू द्यावा, आणि मगच शेतात न्यावा. कणगी भरून मग घरात आणावी, असा याचा अर्थ.

५. कोणत्या जमिनीस व किती?

या पाठाचा गाभा येथे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात असे आढळले की, उष्ण कटिबंधातील पिकांचे उत्पादन जैवकोळशाने सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. समशीतोष्ण प्रदेशांत मात्र सरासरी वाढ झालीच नाही. याचे कारण उष्णतेत नव्हे, जमिनीत आहे. उष्ण प्रदेशांतील प्रयोगांच्या जमिनी बहुधा आम्लधर्मी व निकस होत्या. कोळशाने त्यांची आम्लता घटली, पोषण वाढले, म्हणून पीक सुधारले. जेथे जमीन मुळात चांगली, तेथे सुधारण्यास फारसा वाव नव्हता.

हाच नियम महाराष्ट्रास लावून पाहावा. कोकणातील व सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी आहे. तेथे जैवकोळशाचा लाभ होण्याचा संभव अधिक. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी चाल आहे. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन वर माती पसरून ते जाळतात. त्यात राखेबरोबर थोडा कोळसाही उरतो. तेथील मुलांस हा विषय नवखा वाटणार नाही. उलट विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन बहुधा अल्कधर्मी व पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त असते. तिचा सामू ७.५ ते ८.५ किंवा त्याहूनही वर असतो. कोळसाही बहुधा अल्कधर्मीच असतो. तेव्हा अशा रानात, विशेषतः चोपण जमिनीत, माती-परीक्षण केल्यावाचून कोळसा घालू नये. एकदा मिसळलेला कोळसा परत काढता येत नाही.

आता प्रमाणाचा विचार करू. संशोधनातील पुष्कळ प्रयोगांत हेक्टरी १० टन किंवा त्याहून अधिक कोळसा वापरला आहे. म्हणजे एकरी ४ टन. एक एकर कापसाच्या पऱ्हाट्या सुमारे एक टन भरतात; त्यांचा कोळसा फार तर २५० किलो. म्हणजे एका एकरास ४ टन कोळसा जमविण्यास त्याच एकराच्या १६ वर्षांच्या पऱ्हाट्या लागतील! हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. मोठमोठी आश्वासने पारखून घेण्याची सवय अशा हिशेबातूनच लागते. यातून व्यवहार्य मार्गही दिसतो. थोडा कोळसा खतात मुरवून तो सबंध रानात न पसरता रोपवाटिकेत, भाजीच्या वाफ्यात किंवा फळझाडांच्या खड्ड्यात घालावा.

ज्वारीचा कडबा हे जनावरांचे अन्न आहे. त्याचा कोळसा कधीही करू नये. ज्या घरात तुराट्या हेच सरपण आहे, तेथेही चूल आधी. जे नाहीतरी रानात जळूनच जाणार, त्याचाच विचार करावा. गुलाबी बोंडअळीचा प्रसार थांबविण्यासाठी हंगामानंतर पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, असे कृषिखाते सांगते. तेव्हा त्या हलवावयाच्याच असल्या तर राखेपेक्षा कोळसा बरा.

६. वर्गात करावयाचे प्रयोग

(अ) राख व कोळसा. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः, मोकळ्या मैदानात करावा. मुलांनी दूर उभे राहून पाहावे. घट्ट झाकणाच्या, स्वच्छ रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पऱ्हाटीचे तुकडे भरावेत. झाकणास एक लहान छिद्र अवश्य पाडावे, अन्यथा आतील वायूच्या दाबाने डबा फुटेल. डबा विस्तवावर ठेवावा. छिद्रातून प्रथम वाफ, मग धूर व नंतर पेट घेणारा वायू निघेल. ज्योत विझल्यावर डबा पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम असता उघडल्यास हवा लागून कोळसा पेट घेतो. तितकेच तुकडे दुसरीकडे उघड्यावर जाळावेत आणि कोळसा व राख यांची वजने ताडून पाहावीत. बंद खोलीत कोळसा करणे वा जाळणे प्राणघातक आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो. हे मुलांस निक्षून सांगावे.

(आ) टिकाऊपणा. पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या आवारात एका जाळीदार कापडात वाळलेली पाने व दुसऱ्यात कोळशाचे तुकडे, दोन्हींची वजने करून, वीतभर खोल पुरावेत व खूण करावी. दिवाळीनंतर उकरून, माती झटकून, वाळवून पुनः वजन करावे.

(इ) पाणी धरण्याची शक्ती. बूड कापलेल्या दोन बाटल्या उलट्या धरून तोंडास फडके बांधावे. एकीत रेताड माती, दुसरीत त्याच मातीचे नऊ भाग व कोळशाच्या भुकटीचा एक भाग घालावा. दोन्हींत सारखे पाणी ओतून खाली गळलेले पाणी मोजावे. हाच प्रयोग काळ्या मातीवर करून फरक पाहावा. भुकटी करताना कोळसा ओला करावा, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही.

(ई) चार कुंड्या. पहिलीत नुसती माती, दुसरीत शेणखत, तिसरीत कोरडा कोळसा, चौथीत शेणकाल्यात पंधरा दिवस मुरविलेला कोळसा मिसळावा. चारींत मेथीचे सारखे दाणे पेरून सारखे पाणी द्यावे. उंची, पानांची संख्या व रंग यांची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. जे दिसेल तेच लिहावे. अपेक्षेप्रमाणे आले नाही म्हणून नोंद बदलू नये. तिसरी कुंडी पहिलीपेक्षा मागे पडली तर पाठ फसला असे नव्हे. उलट तोच पाठ आहे.

७. समारोप

जमिनीस प्रथम हवे ते शेणखत, कंपोस्ट, पिकांची फेरपालट व बांधबंदिस्ती. जैवकोळसा यांची जागा घेऊ शकत नाही. योग्य जमिनीत तो यांस साहाय्य करतो, आणि जो कर्ब धुरावाटे गेला असता त्यातील काही भाग जमिनीत ठेवतो. शिक्षकबंधुभगिनींनी गावात उपदेश करीत फिरण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारातील चार कुंड्या व मुलांच्या वहीतील खऱ्या नोंदी पालकांस दाखवाव्यात. शेतकरी शब्दापेक्षा पिकाकडे पाहून ठरवितो, आणि ते योग्यच आहे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. राखेत कर्ब का उरत नाही? कोळशात का उरतो?
२. कोळशास कणगीची उपमा का दिली?
३. तुमच्या गावची जमीन कोणत्या प्रकारची आहे? तीत जैवकोळसा घालण्यापूर्वी कोणती परीक्षा करून घ्याल?
४. तुमच्या घरी गतवर्षी काडीकचरा किती निघाला? त्यातील किती चारा झाला, किती सरपण झाले व किती रानात जळाला? घरी विचारून तक्ता तयार करा.
५. त्या जळालेल्या काडीकचऱ्यापासून किती किलो कोळसा झाला असता व त्यामुळे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून अडविता आला असता, याचा हिशेब करा.